फोर्डच्या चाकावर चढलेली टेकडी

(दृश्य: बर्फानं झाकलेलं कुरण, चढावरून वर सरकणारा जाड दोर)

जानेवारी १९३४. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातलं व्हरमाँट राज्य, वुडस्टॉक गाव. क्लिंटन गिल्बर्ट या शेतकऱ्याच्या कुरणावर उन्हाळ्यात गुरं चरत आणि हिवाळ्यात नुसता बर्फ साचून राही. त्या चढावर १८०० फूट दोराचा एक अखंड फेरा बसवला गेला आणि तो फिरवायला फोर्ड मॉडेल टीचं इंजिन जोडलं. दोर धरायचा, वर जायचं, सोडायचा, घसरत खाली यायचं आणि पुन्हा दोर धरायचा. अमेरिकेतला हा पहिला रोप टो, म्हणजे स्की करणाऱ्यांना चढावर ओढून नेणारा दोर.

त्याआधी स्की करणारा, म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरणारा माणूस चढ पायीच चढायचा. अर्धा तास चढून जायचं आणि दोन-तीन मिनिटांत खाली यायचं. दमछाक अशी, की दिवसभरात मोजक्याच घसरणी पदरात पडत. गावात ‘व्हाइट कपबोर्ड इन’ नावाची खाणावळवजा सराई होती. ती चालवणाऱ्या रॉइस दांपत्याकडे उतरलेल्या पाहुण्यांची हीच तक्रार होती. कॅनडात, क्युबेकमधल्या शॉब्रिजला मोटारीच्या जोरावर चालणारा असा दोर आधीच फिरत होता. रॉइसनी ती कल्पना उचलली आणि डेव्हिड डॉड या स्थानिक कारागिराकडून यंत्र उभं करून घेतलं.

अमेरिकेतल्या स्की पर्यटनाची गोष्ट बहुधा आयडाहोच्या सन व्हॅलीपासून, बड्या हॉटेलांपासून सांगितली जाते. आमच्या मते ती या कुरणापासून सांगायला हवी. साध्या पगारदार माणसाला बर्फापर्यंत मोटारीनं आणलं आणि टेकडीच्या माथ्यावरही मोटारीच्याच सुट्या भागांनी नेलं.

(दृश्य: स्टेशनवर स्की घेऊन उतरणारी गर्दी)

मोटारीच्या आधी आगगाडी होती. ११ जानेवारी १९३१ रोजी बोस्टन अँड मेन रेल्वेनं पहिली ‘स्नो ट्रेन’ बोस्टनहून न्यू हॅम्पशायरमधल्या वॉर्नरला नेली. सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. पुढे अशा गाड्या नेहमीच्या झाल्या. पण स्टेशनापासून पायी गाठता येईल तेवढीच टेकडी मिळायची, आणि परतीची शिट्टी झाली की उतार सोडावा लागायचा.

मोटारीला हे बंधन नव्हतं. फक्त तिला हिवाळ्याची सवय नव्हती. व्हरमाँटमध्ये रस्त्यावरचा बर्फ हटवतच नसत. घोड्यांनी ओढलेले मोठाले लाकडी रूळ फिरवून तो दाबून घट्ट करत, म्हणजे घसरगाड्या नीट चालाव्यात. मोटारीचं पाणी नि तेल काढून, चाकं ठोकळ्यांवर उचलून ती थेट वसंतापर्यंत कोठारात ठेवत. पुढे रस्त्यांवर नांगर लावलेले ट्रक फिरू लागले. बंदिस्त मोटारीही आल्या: १९१९ साली नव्या मोटारींपैकी जेमतेम दहा टक्के बंद टपाच्या होत्या, १९२७ साली पंच्याऐंशी टक्के. चाकांना बांधायच्या साखळ्यांचं पेटंट न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीडनं १९०४ सालीच घेतलं होतं, त्यांना आता खरं काम मिळालं.

(दृश्य: रेडिएटरवर घोंगडी टाकलेली मॉडेल टी, समोर हँडल मारणारा माणूस)

मॉडेल टीचं उत्पादन १९२७ मध्ये थांबलं, तोवर दीड कोटी गाड्या बनल्या होत्या. मंदीच्या काळात जुनी मॉडेल टी मातीमोलानं मिळे. मात्र ती घेऊन डोंगरात जायचं, तर तिची थंडीतली दुखणी ठाऊक हवीत.

पहिलं दुखणं पाण्याचं. या इंजिनाला पाण्याचा पंप नाही. गरम पाणी वर चढतं, गार खाली उतरतं, एवढ्यावरच ते फिरतं. कडाक्याच्या वाऱ्यात रेडिएटरच्या तळाचं पाणी गोठलं की फिरणं थांबतं. मग खाली बर्फ आणि वर इंजिनात उकळी, असा प्रकार होतो. म्हणून रेडिएटरचा खालचा अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाकायचा आणि गाडी उभी केली की वर घोंगडी टाकायची. पाण्यात अल्कोहोल मिसळलं तर ते गोठत नाही, पण अल्कोहोल पाण्याच्या आधी उकळतं. लांब चढ चढताना ते वाफ होऊन निघून जातं, ड्रायव्हरला पत्ता लागत नाही, रात्री उरलेलं पाणी गोठून सुमारे नऊ टक्के फुगतं आणि इंजिनाचा ठोकळा तडकतो. म्हणून दर मुक्कामी मिश्रण तपासायचं. खात्री नसेल तर तळाची तोटी उघडून सगळं पाणी काढायचं आणि सकाळी गरम पाणी भरायचं. १९२७ मध्ये प्रेस्टोन नावाचं एथिलीन ग्लायकॉल बाजारात आलं. ते उडून जात नाही. महाग होतं, तरी एकदा भरलं की हिवाळा निभे.

दुसरं दुखणं सुरू करण्याचं. मॉडेल टीचा क्लच म्हणजे तेलात बुडालेल्या पोलादी चकत्यांची चवड. थंडीत तेल घट्ट होतं, चकत्या चिकटतात, आणि न्यूट्रलमध्ये असूनही हँडल मारताच गाडी पुढे सरकते, थेट हँडल मारणाऱ्याच्या अंगावर. यावरचा उपाय सगळ्यांना पाठ होता: बाकीच्या चाकांना अडण्या लावायच्या आणि मागचं एक चाक जॅकनं उचलायचं. मग चिकटलेल्या क्लचचा जोर त्या अधांतरी चाकात जिरतो. ठिणगीचा दांडा मागे घ्यायचा, चोकची तार ओढायची आणि हँडल खालून वर खेचायचं. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिन उलट उसळलं आणि अंगठा दांड्याभोवती असला, तर तो मोडतो.

तिसरं दुखणं चढाचं. बहुतेक मॉडेल टींची पेट्रोलची टाकी सीटखाली, आणि पेट्रोल केवळ उताराच्या जोरावर कार्ब्युरेटरकडे जातं. टाकी अर्धी रिकामी आणि चढ उभा असला की इंजिन उपाशी राहतं. तेव्हा गाडी वळवून उलटी चढवत. रिव्हर्सचा गिअर पहिल्या गिअरपेक्षाही ताकदवान असल्यानं ते जमायचं.

(दृश्य: मागच्या चाकाच्या रिमवर वळसे घेतलेला दोर, जवळून)

जॅकवर उचललेलं ते चाक आता नीट पाहा. त्यात घरगुती रोप टो जवळजवळ तयारच आहे. टायर काढून टाकला की उरते खोबण असलेली रिम, म्हणजे आयती कप्पी.

एक चाक जमिनीवर अडवून दुसरं मोकळं सोडलं, तर डिफरन्शियलमुळे (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी दातेरी जोडणी) मोकळं चाक दुप्पट वेगानं फिरतं. दोर हातातून हिसकला जावा इतका हा वेग होऊ शकतो. म्हणून खालचाच गिअर हवा. मॉडेल टीमध्ये मात्र खालचा गिअर पेडल दाबून धरला तरच टिकतो आणि त्याचा पट्टा झिजत राहतो. त्यामुळे सरकत्या दात्यांचा गिअरबॉक्स असलेलं फोर्डचं त्यानंतरचं मॉडेल ए आणि पुढचे ट्रक या कामाला जास्त सोयीचे. दोर गाडीला सतत ओढत असतो, तेव्हा नुसत्या अडण्यांवर भागत नाही. चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, साखळीनं झाडाला किंवा रोवलेल्या खांबाला जखडावी लागते.

दोर मनिला हेंपचा, पाऊण ते एक इंच जाड, तीन पेडांचा. फिलिपाईन्समध्ये अबाका नावाचं केळीच्या कुळातलं झाड होतं, त्याच्या खोडाच्या धाग्यांपासून हा दोर वळतात. फेरा अखंड करायला गाठ चालत नाही, कारण गाठ कप्पीत अडकते. दोन्ही टोकांचे पेड दहा-बारा फूट उलगडायचे आणि एकेक पेड दुसऱ्या टोकाच्या पेडाच्या जागी बसवत जायचं. जोडाची जाडी मूळ दोराइतकीच राहिली पाहिजे.

चाकावर दोराचा अर्धाच वेढा असेल, तर चार माणसं लोंबकळताच तो घसरतो. दीड-दोन वळसे दिले की पकड कितीतरी पटीनं वाढते, पण वळसे एकमेकांवर घासून दोर झिजतो. म्हणून शेजारी दुसरी कप्पी बसवून वळसे वेगळे ठेवायचे. परतीचा दोर खांबांवर जुन्या मोटारींची चाकं लावून त्यांवरून न्यायचा. शेवटच्या कप्पीला सरकती ठेवून तिच्यामागे वजन टांगायचं, म्हणजे दोर सैल पडला तरी ताण कायम राहतो.

तरीही बिघडायचं ते बिघडतंच. ओला झालेला मनिला आखडतो, वाळला की सैल पडतो. रात्री तो पाणी पिऊन बर्फाला चिकटतो. सकाळी इंजिन लावण्याआधी कुणीतरी चढभर चालत जाऊन हातभर हातभर दोर सोडवला नाही, तर पहिल्याच झटक्याला तो तुटतो. ताणाखाली दोराचा पीळ उकलू लागतो आणि दोर स्वतःभोवती फिरतो. मफलर, सैल बाही, मोकळे केस त्याच्याभोवती गुंडाळले जातात आणि माणूस सुटूच शकत नाही. म्हणून माथ्यावरच्या चाकाच्या आधी एक आडवी दोरी किंवा फाटक लावायचं. अंग त्याला लागलं की इग्निशन, म्हणजे ठिणगीची वीज, तुटते आणि इंजिन बंद पडतं. ज्या टेकडीवर हे फाटक नसेल, तिथे दोराला हात लावू नये.

दोर पकडण्याचीही रीत आहे. स्की सरळ वरच्या दिशेला ठेवायच्या. दोर आधी हातमोज्यांतून मोकळा धावू द्यायचा आणि हळूहळू मूठ आवळायची. एक हात पुढे, दुसरा पाठीमागून. एकदम पकडला तर खांद्याला हिसका बसतो आणि माणूस तोंडावर आपटतो.

(दृश्य: नकाशा, पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकणारे ठिपके)

वुडस्टॉकचा दोर पुढच्या हंगामात वॉलेस ‘बनी’ बर्ट्रमनं चालवायला घेतला. त्यानंतर अशा टेकड्या भराभर उभ्या राहिल्या. व्हरमाँटमधल्याच स्टोला १९३७ साली १९२७ च्या कॅडिलॅकचं इंजिन लावलं. त्याच वर्षी कोलोरॅडोत हमरस्ता ४० वरच्या बर्थूड खिंडीत, ११,३०० फुटांवर, फोर्डच्या व्ही-८ इंजिनावर दोर फिरू लागला. तिथे हमरस्ताच खिंड ओलांडून जात असल्यानं बरेच जण उतारावरून खालच्या वळणापर्यंत घसरत येत आणि मिळेल त्या गाडीतून पुन्हा खिंडीत जात. कॅलिफोर्नियात डेव्ह मॅकॉयनं मोटारसायकल गहाण ठेवून ८५ डॉलर उभे केले आणि हमरस्ता ३९५ लगतच्या मगी डोंगरावर मॉडेल ए ट्रकच्या भागांनी टो बांधला. मॅमथ माउंटनचं मोठं स्की केंद्र पुढे त्यानंच उभारलं. न्यू हॅम्पशायरमधल्या नॉर्थ कॉनवेला बार्टलेट गावच्या जॉर्ज मॉर्टन या मोटार मेकॅनिकनं लाकडी मार्गावर केबलनं ओढल्या जाणाऱ्या छोट्या गाड्या चालवल्या.

सन व्हॅली डिसेंबर १९३६ मध्ये उघडली, युनियन पॅसिफिक रेल्वेच्या पैशावर. रेल्वेचा इंजिनिअर जेम्स करन यानं जहाजात केळ्यांचे घड चढवायच्या साखळीवरून खुर्चीची लिफ्ट बेतली. यंत्र म्हणून ते थोर आहे, त्यात वाद नाही. पण तिथे जायला बऱ्यापैकी पैसा आणि रेल्वेचा लांबचा प्रवास लागे.

(दृश्य: युद्धकाळातला पेट्रोल पंप, काचेवर ‘ए’ स्टिकर)

१९४२ च्या सुरुवातीला जपाननं आग्नेय आशिया व्यापला, आणि या छंदाची दोन्ही मुळं एकदम तुटली. मलायाचं रबर थांबलं आणि फिलिपाईन्सचा अबाकाही. डिसेंबरपासून देशभर पेट्रोलचं रेशन आलं, तेही मुख्यतः टायर वाचवण्यासाठी. ‘ए’ स्टिकरच्या, म्हणजे खास गरज नसलेल्या साध्या मोटारीला सुरुवातीला आठवड्याला चार गॅलन मिळत, आणि वेगाची मर्यादा ताशी ३५ मैल, म्हणजे ५६ किलोमीटर. जानेवारी १९४३ मध्ये पूर्वेकडच्या राज्यांत मौजेखातर गाडी चालवायलाच बंदी झाली. ऑगस्ट १९४५ मध्ये पेट्रोल मोकळं झालं आणि गाड्या पुन्हा उत्तरेकडे वळल्या.

व्हरमाँटमधल्या ईस्ट कोरिंथ गावाजवळ ‘नॉर्थईस्ट स्लोप्स’ ही टेकडी १९३६ पासून चालू आहे. गावकरी ती स्वयंसेवेनं चालवतात, आणि रोप टो अजून जुन्या ट्रकच्या इंजिनांवर फिरतात. अशा टेकडीवर जाणार असाल तर चांगले हातमोजे घरीच ठेवा आणि जाड कातड्याचे, कामगार वापरतात तसले घाला. दोर कापडी मोजे बघता बघता फाडतो.