तीनदा घेतलेली शपथ

(दृश्य : लष्करी गणवेशातल्या पगडीधारी तरुणाचं जुनं छायाचित्र)

९ डिसेंबर १९१८. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या एका कोर्टात शीख सार्जंट उभा आहे. अंगावर अमेरिकी लष्कराचा गणवेश, डोक्यावर पगडी. नाव भगतसिंग थिंद, मूळ गाव अमृतसर जिल्ह्यातलं. पहिलं महायुद्ध थांबून महिनाही झालेला नाही. थिंद शपथ घेतात आणि अमेरिकेचे नागरिक होतात.

चार दिवसांनी त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं जातं.

याचं मूळ १७९० सालच्या एका कायद्यात होतं. परदेशातून आलेल्यांपैकी फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्ती’ला नागरिक होता येईल, असं तो सांगत होता. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही त्यात जागा मिळाली. आशियातून आलेल्यांचं नाव मात्र कायद्यात कुठंच नव्हतं. त्यामुळे एका कोर्टात भारतातून आलेला माणूस गोरा ठरायचा आणि दुसऱ्या कोर्टात ठरायचा नाही.

थिंद १९१३ मध्ये अमेरिकेत आले होते. ऑरेगनमधल्या लाकडाच्या गिरण्यांत त्यांनी काम केलं होतं. ते मागे हटले नाहीत. त्यांनी ऑरेगनच्या कोर्टात पुन्हा अर्ज केला आणि १९२० मध्ये न्यायाधीश वुल्व्हर्टन यांनी तो मंजूर केला. सरकार अपिलात गेलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारात पोचलं.

(दृश्य : न्यायालयाची जुनी कागदपत्रं, अक्षरांवरून सरकणारा कॅमेरा)

थिंद यांच्या बाजूनं जे मांडलं गेलं, ते वाचताना मन खट्टू होतं. मानववंशशास्त्रज्ञ उत्तर भारतीयांना ‘कॉकेशियन’, म्हणजे गोऱ्या युरोपीयांच्याच वंशगटातले म्हणतात, हा एक मुद्दा झाला. दुसरा मुद्दा जातीचा होता. थिंद उच्च जातीचे, शुद्ध रक्ताचे आर्य आहेत. लग्नाच्या बाबतीत अमेरिकी माणूस काळ्यांकडे जसा पाहतो, तसाच उच्चवर्णीय हिंदू भारतातल्या आदिवासींकडे पाहतो, असं लेखी निवेदनात म्हटलं होतं. (तेव्हाच्या अमेरिकी कागदांत भारतातून आलेला प्रत्येक जण ‘हिंदू’च असे, थिंद शीख होते, तरी खटल्यात हिंदूच.) भेदभावाचा तो नियमच चुकीचा आहे, असं कुणी म्हणत नव्हतं. आम्हीही तुमच्यासारखाच भेद करतो, म्हणून आम्हाला आत घ्या, असा तो युक्तिवाद होता.

याच्या बरोबर पन्नास वर्षं आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली होती ती अमेरिकेतल्या लोकांना, काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी झीज सोसली म्हणून. त्याच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आता जात गोरेपणाचा दाखला म्हणून पुढे केली जात होती. थिंद यांच्यावर झालेला अन्याय खरा आहे आणि हा युक्तिवादही खरा आहे. दोन्ही एकत्र सांगितल्याशिवाय ही गोष्ट सांगता येत नाही.

१९ फेब्रुवारी १९२३. एकमतानं निकाल लागला आणि तो लिहिला न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी. ते स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले, स्थलांतरित. तीनच महिन्यांपूर्वी त्यांनी ताकाओ ओझावा या जपानी माणसाला सांगितलं होतं की कातडीच्या रंगानं काही ठरत नाही, गोरा म्हणजे कॉकेशियन. आता कॉकेशियन म्हणवणारा माणूस समोर आला, तेव्हा ते म्हणाले, शास्त्रज्ञ काय म्हणतात त्याला महत्त्व नाही. सर्वसामान्य माणूस ‘गोरा’ म्हणजे काय समजतो, ते पाहायचं. त्या अर्थानं थिंद गोरे ठरले नाहीत.

(दृश्य : सॅन फ्रान्सिस्को, फिल्मोर स्ट्रीट)

निकालानंतर सरकारनं आधीच नागरिक झालेल्या भारतीयांवर एकामागून एक खटले भरले. कॅलिफोर्नियात तर नागरिक होण्यास अपात्र परदेशीयांना शेतजमीन घेण्याचीही बंदी होती.

वैष्णोदास बगाई पेशावरचे. १९१५ मध्ये पत्नी काला आणि तीन मुलांना घेऊन ते सॅन फ्रान्सिस्कोत आले. इंग्रजांच्या राज्यात राहायचं नव्हतं, म्हणून घर सोडलं होतं. १९२१ मध्ये नागरिक झाले, दुकान थाटलं. मग नागरिकत्व गेलं आणि त्यापाठोपाठ दुकानही. भारतात जाऊन यायचं म्हटलं, तर उत्तर मिळालं की ब्रिटिश पासपोर्ट घ्या. १९२८ मध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. वर्तमानपत्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी विचारलं होतं, सोन्याच्या पिंजऱ्यात जगण्यात काय अर्थ आहे? इकडे अडथळे, तिकडे अडसर आणि मागचे पूल जळालेले.

(दृश्य : लॉस एंजेलिस, १९२० च्या दशकातलं कोर्ट)

लॉस एंजेलिसमधल्या एका वकिलालाही अशीच नोटीस आली होती. सखाराम गणेश पंडित. मराठी कानाला हे नाव लगेच ओळखीचं वाटतं. त्यांचा जन्म अहमदाबादचा. थिंद यांच्या बाजूनं झटणाऱ्या वकिलांत ते होते आणि तो खटला हरल्याचं त्यांनी जवळून पाहिलं होतं.

स्वतःच्या खटल्यात त्यांनी मुद्दाच बदलला. मी गोरा आहे की नाही, हा वाद त्यांनी बाजूला ठेवला. १९१४ मध्ये तुमच्याच कोर्टानं मला नागरिक केलं, तेव्हा सरकारनं अपील केलं नाही. त्या शब्दावर विसंबून मी वकिलीची सनद घेतली, घर केलं, लग्न केलं. आता नागरिकत्व काढलंत, तर सनद जाईल. पत्नी लिलियन जन्मानं अमेरिकी आहे. नागरिक होण्यास अपात्र परदेशीयाची पत्नी म्हणून १९२२ च्या कायद्याप्रमाणे तिचंही नागरिकत्व जाईल. इतक्या वर्षांनी तुम्हाला शब्द फिरवता येणार नाही.

न्यायाधीशांना हे पटलं. १९२६ मध्ये अपील कोर्टानंही ते मान्य केलं आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारचा अर्ज ऐकायलाच नकार दिला. उरलेले खटले सरकारनं सोडून दिले. ज्यांचं नागरिकत्व आधीच गेलं होतं, त्यांना मात्र यातून काही परत मिळालं नाही. बगाई त्यांच्यातलेच.

थिंद अमेरिकेतच राहिले. धर्म आणि तत्त्वज्ञानावर गावोगाव व्याख्यानं देत फिरले. १९३५ मध्ये नवा कायदा आला. महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असलेल्यांना, वंश कोणताही असो, नागरिक होण्याची मुभा मिळाली.

(दृश्य : पुन्हा तेच छायाचित्र, गणवेश आणि पगडी)

१९३६. न्यूयॉर्क. भगतसिंग थिंद तिसऱ्यांदा शपथ घेतात. या वेळी अर्जाला आधार आहे तो १९१८ मधल्या त्याच गणवेशाचा.