रिकामी वाटी

(पहाट. चाळीची गॅलरी. नळाखाली बादली भरतेय.)

परळच्या या चाळीत पाणी पहाटे येतं आणि तासाभरात जातं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना आता कळशीसुद्धा उचलवत नाही. तरी त्यांचं पिंप भरलेलं असतं. समोरच्या खोलीतली सून आपलं पाणी झालं की दोन बादल्या त्यांच्या उंबऱ्याशी ठेवते. बोलायला वेळ नसतो, तिला लोकल गाठायची असते.

आजींचे यजमान गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामावर, होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि या घरातला पगार कायमचा थांबला. मग आजींनी दादर-माटुंग्याची धुणीभांडी धरली. या कामाला फंड नाही, पेन्शन नाही.

आज राज्य सरकारच्या श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये येतात. त्यासाठी वय ६५ किंवा त्यापुढे हवं आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत. शिवाय दरवर्षी हयातीचा दाखला. आजींचा अंगठा मशीनला लागत नाही. राखेनं आणि साबणानं बोटांवरच्या रेषाच झिजल्यात. ज्या कामानं घर चालवलं, त्याच कामानं ओळख पुसली, हे बघताना आम्हाला कॅमेरा खाली ठेवावासा वाटला. बँकेत त्यांच्यासोबत खालच्या मजल्यावरच्या मावशी येतात. त्यांना लिहिता-वाचता येतं. केईएम रुग्णालयाच्या रांगेतही त्याच उभ्या राहतात, पहाटेपासून, केसपेपरसाठी.

(दुपार. चटईवर मेथीच्या जुड्या.)

हे सगळं फुकट होत नाही. म्हणजे पैसे कुणी मागत नाही, पण आजी हिशेब ठेवतात. समोरच्या सुनेची भाजी रोज त्याच निवडून देतात. तिचा मुलगा शाळेतून आला की त्याला जेवायला वाढतात. मावशींच्या गोधडीला टाके घालतात. कुणी आमटी पाठवली तर वाटी रिकामी परत जात नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर.

"मिंधं नाही राहायचं बाबा," त्या म्हणतात. "एकदा मिंधं झालं की माणूस हाक मारायला कचरतं."

चाळीतली माया आम्ही खूप ऐकली होती. तिच्या आतली ही भीती मात्र इथे येऊनच कळली. शेजारी काही सुखवस्तू नाहीत. भिशीचा हप्ता चुकला तर त्यांच्याही घरात वाद होतात. म्हणून जो म्हातारा काहीच परत देऊ शकत नाही, अंथरुणाला खिळला, त्याच्या दारात माणसं हळूहळू कमी होतात. कुणी दुष्ट नसतं. दिवस पुरत नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकांचं तसं झालं. पहिले काही महिने डबा दोन घरांतून यायचा. मग एका घरातून. शेवटी आजीच जिना चढायला लागल्या, कठडा धरून, दर चार पायऱ्यांवर थांबत.

(जिना. पायांचा आवाज.)

पिशवीत पेज आहे, झाकणाला फडकं बांधलेलं. काका उठून बसतात. जेवण झाल्यावर ते उशीखाली हात घालतात, लिमलेटच्या दोन गोळ्या काढतात आणि धुतलेल्या वाटीत टाकून वाटी आजींच्या हातात देतात.