फाइलीतला काजळ हा शब्द

श्रोते हो, नमस्कार.

टाकून दिलेल्या बाळांचा विषय आपल्या सोलापूर जिल्ह्याला नवा नाही. अशा बालकांसाठी पंढरपुरात १८७५ सालीच आश्रम निघाला. त्यांना घर मिळवून देण्याविषयी आपण पुष्कळ बोलतो, परंतु तीच बाळे तिशी-चाळिशीला पोहोचून ‘मला जन्म कोणी दिला?’ असे विचारू लागली की त्यांना काय सांगावे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

भावाचे मूल भावाने घेतले, १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे दत्तकपत्र नोंदवले, तर देणाऱ्यांची नावे त्या पत्रातच असतात. संस्थेतून दत्तक गेलेल्या मुलाचे तसे नसते. त्याच्या जन्मदाखल्यावर दत्तक आईवडिलांचीच नावे येतात आणि आधीचे कागद गोपनीय राहतात. तथापि, २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार, अठरा वर्षे पूर्ण केलेली दत्तक व्यक्ती आपल्या मुळाच्या शोधासाठी ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणाकडे स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकते. वय त्याहून कमी असल्यास दत्तक पालकांसह एकत्र अर्ज करावा लागतो. त्रयस्थाला मात्र हा शोध घेता येत नाही, मग तो कितीही जवळचा असो.

बाळ सोडताना आईने नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली असेल, तर तिची लेखी संमती घ्यावी लागते. काहींना हे अन्यायाचे वाटते. मला वाटत नाही. जिने सासरी कधी चकार शब्द काढलेला नाही, तिच्या दारात एके दिवशी कोणी फोटो घेऊन उभे राहिले, तर तिच्या संसाराचे काय होईल, याचाही विचार झालाच पाहिजे. मात्र तिने नकार दिला किंवा ती सापडलीच नाही, तरी बाळ कोणत्या परिस्थितीत आणि का सोडले गेले, हे अर्जदाराला सांगणे बंधनकारक आहे. अनेक जण नावाचाच आग्रह धरतात आणि हे कारण मागायचे विसरतात.

बेवारस सापडलेल्या बाळाच्या कागदांत तर नावच नसते. माझ्या परिचयातील एका ताईंना अखेर फाइल वाचायला मिळाली, तेव्हा सापडल्याच्या नोंदीत एवढेच होते: अंगात पिवळे झबले, कमरेला काळा करदोटा, डोळ्यांत काजळ. त्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवून त्या बराच वेळ बसून राहिल्या. ‘ज्या हातांनी सोडून द्यायचे, त्यांनी आधी काजळ कशाला घातले असेल हो?’ असे त्यांनी मला विचारले. मला काही बोलता आले नाही. निघताना त्यांनी त्या पानाची सही-शिक्क्यानिशी नक्कल मागून घेतली.