तारण जातं का? पेटीवाल्या मामांची गोष्ट

प्रभूच्या नावात सलाम मंडळी. आजचा विषय असा आहे की उपासना संपल्यावर देवळाच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, पायरीवर हमखास निघतो. तारण, म्हणजे येशूवर विश्वास ठेवून पापातनं झालेली सुटका, एकदा मिळालं की ते परत जातं का? आणि त्याच्या मागोमाग स्वर्गातलं प्रतिफळ जातं का, कृपादान, म्हणजे सेवेसाठी देवानं दिलेली देणगी, ती जाते का? तीन प्रश्न आहेत हां, तीन वेगवेगळे, लोक त्यांची गल्लत करतात आणि मग रात्ररात्र घाबरून बसतात.

कुणाला कुकर बघायला मधेच उठावं लागेल म्हणून माझं उत्तर आधीच सांगतो. तारण जात नाही. प्रतिफळ बुडू शकतं. कृपादान वापरलं नाही तर गंजतं.

बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 10 वा अध्याय काढा. येशू आपल्या मेंढरांबद्दल म्हणतो, त्यांचा कधी नाश होणार नाही, माझ्या हातातून त्यांना कोणी हिसकून घेणार नाही, आणि लगेच पुढच्या वचनात पित्याच्या हातातनंही नाही. म्हणजे धरणारा तो आहे, आपण नाही. आपल्या कोल्हापुरात 1852 साली रॉयल वाइल्डर साहेब हे अमेरिकन मिशनरी आले, पुढं इथलं काम प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनकडं गेलं, त्या लोकांची शिकवण हीच. त्यांचा वेस्टमिन्स्टरचा विश्वासनामा 1646 चा, त्यात 17 वा अध्याय अख्खा याच्यावर आहे, आणि त्यात हेही म्हटलंय की विश्वासणारा काही काळ मोठ्या पापात पडू शकतो, त्याचं समाधान जाऊ शकतं, पण तो कायमचा गळून पडत नाही. सगळ्यांचं असं मत नाही बरं का. मेथडिस्ट पंथाचे जॉन वेस्ली मानायचे की माणूस कृपेतून पडू शकतो, आणि कॅथलिक बंधूंच्या शिकवणीत प्राणघातक पापानं कृपा जाते आणि पापनिवेदनानं परत मिळते. या प्रश्नावर हॉलंडमध्ये डॉर्ट इथं 1618-19 ला मोठी सभा भरली होती, महिनोन् महिने चालली. ते असू द्या, मला तुम्हाला पेटीवाल्या मामांचं सांगायचंय.

बावड्याकडं राहायचे, साखर कारखान्यात नोकरी. आमच्या देवळात पेटी वाजवायचे आणि काय वाजवायचे! भजन सुरू झालं की म्हाताऱ्या बायांचे सुद्धा हात टाळीला उठायचे. (आता सगळीकडं कीबोर्ड आलाय, बटण दाबलं की ढोलकी आपोआप, मला विचाराल तर मंडळीचं गाणं त्यानं मेलं, गाणाऱ्याचा श्वास बघून थांबणारा माणूसच राहिला नाही.) तर मामांना दारूची सवय लागली. एका नाताळाला ते पिऊनच पेटीवर बसले, मंडळीच्या पंचांनी उठवलं, ते बरोबरच होतं. पण त्यानंतर गुड फ्रायडेच्या सभेला बाहेरगावचे एक प्रचारक आले होते, त्यांनी मामांना बाजूला घेऊन इब्री 6, म्हणजे बायबलातल्या इब्री लोकांच्या पत्राचा सहावा अध्याय, वाचून दाखवला, की ज्यांनी एकदा देवाच्या दानाची रुची घेतली आणि जे पतित झाले त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडं आणणं अशक्य आहे. तुझं तारण गेलं, म्हणाले. झालं. मामा देवळात यायचे बंद झाले.

आता ऐका, दारू त्यांनी पुढं सोडली. स्वतःहून सोडली, घरात बसून. पण देवळात यायचे नाहीत, बायबल उघडायचे नाहीत, कारण उपयोग काय, आपलं गेलंय. अशी वर्षं गेली, पुष्कळ वर्षं.

आमच्या मंडळीत एक बायबल बाई, म्हणजे घरोघरी जाऊन बायबल शिकवणाऱ्या बाई, होत्या, सत्तरीच्या, हातात कायम छत्री. एका पावसाळ्यात त्यांनी देवळातली पेटी रिक्षात घातली, धरायला मला बसवलं, मी तेव्हा शाळकरी पोरगा, आणि थेट मामांच्या दारात. मामा म्हणाले, "बाई, ही पेटी माझ्या घरात आणू नगा. माझं तारण गेलंय." बाई ओल्या छत्रीसकट आत आल्या आणि म्हणाल्या, "तुझं तारण बघाय मी आलेली न्हाई. ते ज्याच्याकडं हाय त्याच्याकडं हाय. भाता फुटलाय आणि मधला सा बोलत न्हाई, तेवढं बघ."

मामांनी फळी काढली. भात्याचं कातडं उंदरानं खाल्लेलं, सूर, म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या, हिरवे पडलेले. ते एकेक सूर काढून पुसायला लागले, बारीक पत्र्यानं खरवडायला लागले, तासभर कुणी काही बोललं नाही. मग भात्याला चिकटपट्टी लावून वाजवून बघितलं तर पेटी बोलली, पण मामांची बोटं चालेनात. एक साधं भजन पुरं होईना. वैतागले, "बोटं ऐकत न्हाईत बाई." तर बाई म्हणाल्या, "मग रोज बसव." आणि मग जे म्हणाल्या ते मी आजपर्यंत शंभर ठिकाणी सांगितलंय. म्हणाल्या, "बोटं येतील. पर ती पाच-सहा पोरं तू शिकवणार हुतास न्हवं? ती आता बापई झाली, संसाराला लागली, एकालाबी पेटी येत न्हाई. ते मातुर गेलं बघ."

तारण जिथल्या तिथं. कृपादान गंजलेलं, पण आहे. आणि ती पोरं शिकवायची राहून गेली, ते बुडालेलं प्रतिफळ. मला वाटतं 1 करिंथ 3, म्हणजे प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय, इतका सोपा करून मला कुणी शिकवला नाही. पौल म्हणतो पाया येशू ख्रिस्त, त्यावर कुणी सोनं-रुपं बांधतो, कुणी लाकूड, गवत, पेंढा, आणि त्या दिवशी अग्नी सगळ्याची परीक्षा करेल. ज्याचं काम टिकलं त्याला प्रतिफळ, ज्याचं जळलं त्याचं नुकसान, पण तो स्वतः तारला जाईल, जणू अग्नीतून. परत सांगतो, काम जळेल, माणूस तारला जाईल. मग काय बिघडलं, असं म्हणणाऱ्याला मी विचारतो, नुकसान हा शब्द पौलानं उगाच घातला का? बायबलातल्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण 3 मध्ये, फिलदेल्फियाच्या मंडळीला सांगितलंय, तुझा मुगुट कुणी घेऊ नये म्हणून जे आहे ते धरून ठेव.

कृपादानाचं तर पौल आपला तरुण सोबती तीमथ्य याला सरळ लिहितो की तुझ्यातलं कृपादान प्रज्वलित कर, म्हणजे ते मंद होऊ शकतं. शिकवायचं दान असेल, आजाऱ्यांकडं जायचं असेल, पेटी असेल. घरात बसून ते वाढत नाही.

मामा पुढं काही महिन्यांनी आले, आधी मागच्या बाकावर, मग हळूहळू पेटीपाशी. दोन पोरं शिकवली शेवटी.

आणि त्या प्रचारकांबद्दल एवढंच, इब्री 6 वाचायचं तर पुरतं वाचायला पाहिजे होतं. अशक्य आहे म्हणणारं ते वचन सहावं. तीनच वचनं पुढं, नवव्यात, तोच लेखक त्याच लोकांना प्रियजनहो म्हणतो, आणि सांगतो की आम्ही असं बोलत असलो तरी तुमच्याविषयी आम्हाला चांगल्या गोष्टींची खातरी आहे, तारणाच्या गोष्टींची. आज जेवणं झाली की घरात मोठ्यानं वाचा, सहाव्यावर थांबू नका.