अंतर हाताने मोजणारी लेन्स

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या घरी लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, आजीच्या जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळलेली एक लेन्स कित्येक वर्षे पडून होती. ती वडिलांच्या झेनिट-ई या रशियन कॅमेऱ्याची. कॅमेऱ्यातला शटरचा कापडी पडदा केव्हाच फाटला होता, पण लेन्स शाबूत राहिली होती. तिच्या पुढच्या कड्यावर हेलिओस ४४-२ हे नाव आणि शेजारी ५८ आणि २ हे आकडे कोरलेले आहेत. ५८ मिलिमीटर ही तिची फोकल लेंथ, म्हणजे दृश्य किती रुंद किंवा किती जवळचे दिसेल ते ठरवणारे माप, आणि २ म्हणजे तिचे छिद्र, अर्थात ॲपर्चर, जास्तीत जास्त किती उघडते त्याचे माप. आज मी या लेन्सविषयी आणि तिच्यासारख्या हाताने फिरवायच्या जुन्या लेन्सविषयी बोलणार आहे, कारण अंतर आणि उजेड या ज्या दोन गोष्टी मला स्वयंचलित कॅमेऱ्याने दहा वर्षांत शिकवल्या नाहीत, त्या या पाव किलोच्या आसपास भरणाऱ्या धातूच्या नळीने एका हिवाळ्यात शिकवल्या.

हेलिओसचे कुळ मुळात जर्मन आहे. येना येथील कार्ल त्साइस कारखान्याने १९३० च्या दशकात बायोटार नावाची ५८ मिलिमीटरची लेन्स काढली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत कारखान्यांनी त्याच रचनेवरून हेलिओस घडवली आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कसह अनेक ठिकाणी ती प्रचंड संख्येने तयार झाली. तिच्यात सहा भिंगे आहेत आणि मागच्या बाजूला ४२ मिलिमीटर व्यासाचे, एकमेकांपासून एक मिलिमीटर अंतरावरचे आटे आहेत. हेच आटे जर्मनीतल्या प्राक्टिका कॅमेऱ्यांना आणि जपानच्या जुन्या पेन्टॅक्स कॅमेऱ्यांनाही होते, म्हणून जपानी टाकुमार, जर्मन पेन्टाकॉन, रशियन हेलिओस या तीन देशांच्या लेन्स एकाच अडॅप्टरवर बसतात. हा अडॅप्टर म्हणजे जुनी लेन्स आजच्या कॅमेऱ्यावर बसवणारे, आत काच नसलेले एक साधे धातूचे कडे असते. जुन्या आट्यांच्या कॅमेऱ्यात लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४५.४६ मिलिमीटर असे, तर आजच्या आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत सेन्सरपर्यंतचे, म्हणजे फिल्मऐवजी प्रतिमा टिपणाऱ्या चकतीपर्यंतचे, अंतर १६ ते २० मिलिमीटरच असते. उरलेली जागा ते कडे भरून काढते. कॅमेऱ्याला मात्र लेन्स लागल्याचे कळत नाही, म्हणून मेनूमध्ये जाऊन लेन्सशिवाय फोटो काढण्याची परवानगी आधी द्यावी लागते. अनेकांचे पहिले पाऊल इथेच अडते, आणि बिचाऱ्या लेन्सला बिघडलेली ठरवले जाते.

आता अंतराविषयी. माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, त्यामुळे मोजमाप हा त्यांच्या हाताचा स्वभाव झाला होता. तलावपाळीवर फिरायला गेलो की ते एखाद्या बाकाकडे बोट दाखवून विचारत, “तो बाक इथून किती लांब आहे?” मी काहीतरी सांगे, आणि मग ते मला पावले टाकायला लावत. माझी पाच पावले म्हणजे साडेतीन मीटर, हा हिशेब तेव्हापासून अंगात मुरला. त्यांना हे कशासाठी हवे असे, ते मला लेन्सचे कडे स्वतः फिरवले तेव्हा समजले. जुन्या लेन्सच्या अंगावर अंतराचे आकडे कोरलेले असतात. हेलिओसवर अर्ध्या मीटरपासून सुरुवात होते आणि शेवटी आडव्या आठासारखी अनंताची खूण येते. त्याच्या लगेच खाली, मधल्या खुणेच्या दोन्ही बाजूंना, ॲपर्चरचे आकडे जोडीजोडीने मांडलेले असतात. या दोन पट्ट्या एकत्र वाचल्या की अमुक ॲपर्चरला किती मीटरपासून किती मीटरपर्यंतचे सगळे स्पष्ट येईल, ते डोळ्याला कॅमेरा न लावता कळते.

एक उदाहरण सांगते. पूर्ण आकाराचा, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर ५८ मिलिमीटरची लेन्स लावून ॲपर्चर ११ वर आणि अंतर ३ मीटरवर ठेवले, तर साधारण २.३ मीटरपासून ४.२ मीटरपर्यंतची माणसे स्पष्ट येतात. त्याऐवजी २८ मिलिमीटरची लेन्स असेल आणि ॲपर्चर ८ असेल, तर त्याच ३ मीटरला सुमारे दीड मीटरपासून तीसेक मीटरपर्यंत सगळे स्पष्ट मिळते. दिवाळी पहाटेला राम मारुती रस्त्यावर नव्या कपड्यांतल्या मुलामुलींची जी गर्दी उसळते, तिच्यात फोकस करत बसलात तर हसू निघून जाते आणि मान वळलेली उरते. उजाडल्यावर पुरेसा प्रकाश आला की मी २८ ची जुनी लेन्स लावते, कडे ३ मीटरवर आणते आणि त्यानंतर त्याला हात लावत नाही. माणूस माझ्यापासून चार पावलांवर आला की बटण दाबायचे, एवढेच काम उरते. यात कॅमेऱ्याचा वेग कुठेच येत नाही, निर्णय आधीच झालेला असतो.

उलट टोकाची कसरत चेहऱ्याची. हेलिओसचे ॲपर्चर २ वर पूर्ण उघडून एक मीटरवरून चेहरा टिपायचा, तर स्पष्टतेची खोली जेमतेम साडेतीन सेंटीमीटर असते. बुबुळे धारदार आली की कानातली कुडी मऊ होते. माझ्या आईचा असा फोटो काढताना पहिले वीसेक फोटो तरी वाया गेले, कारण मी कडे फिरवून बटण दाबेपर्यंत ती श्वास घेई आणि तेवढ्यात डोळे त्या साडेतीन सेंटीमीटरच्या बाहेर जात. मग कळले की इतक्या जवळून कडे फिरवत राहू नये. अंदाजाने कडे लावावे, दोन्ही कोपरे छातीशी टेकवावीत आणि कंबरेतून अगदी हळू पुढे झुकावे. पापण्यांचे केस उभे राहिल्यासारखे दिसले की त्याच क्षणी बटण दाबावे. नवे कॅमेरे स्पष्ट कडांभोवती रंगीत रेघा दाखवतात आणि त्यांची मदत होतेही, पण ॲपर्चर पूर्ण उघडे असताना त्या रेघा उदार असतात, थोड्या चुकलेल्या फोकसलाही बरोबर म्हणतात. पडद्यावर प्रतिमा मोठी करून डोळ्यांनी खात्री करणे हाच माझ्या मते विश्वासाचा मार्ग आहे.

ॲपर्चरचे आकडे अनेकांना उलटे वाटतात. २ हा आकडा मोठ्या छिद्राचा आणि १६ हा लहान छिद्राचा का, याचे उत्तर वडिलांनी कागदावर भागाकार मांडून दिले होते. फोकल लेंथला या आकड्याने भागले की छिद्राचा व्यास मिळतो. ५८ भागिले २ म्हणजे २९ मिलिमीटर, दहा रुपयांच्या नाण्याहून किंचित मोठे वर्तुळ. ५८ भागिले १६ म्हणजे सुमारे ३.६ मिलिमीटर, साबुदाण्याच्या एका दाण्याएवढे. लेन्स उजेडाकडे धरून कडे फिरवले की आठ पाती एकमेकींवर सरकत ते नाणे साबुदाण्यापर्यंत मिटत जाताना दिसते. २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ या ओळीतल्या प्रत्येक पुढच्या आकड्याला आत येणारा प्रकाश निम्मा होतो. हेलिओस ४४-२ वर या कामासाठी दोन कडी आहेत. एकावर आकडा ठरवून ठेवायचा आणि दुसरे मोकळे फिरवायचे: पूर्ण उघडून लख्ख प्रतिमेवर फोकस करायचा, मग तेच कडे अडेपर्यंत मिटवायचे. सवय झाली की बोटे हे न बघता करतात.

उजेडाचे मोजमाप तर वडील सावलीवरून करत, कारण झेनिटवरचा सेलेनियमचा प्रकाशमापक लवकर थकला होता. नियम जुना आणि भरवशाचा आहे. लख्ख ऊन असेल, सावलीची कड कातरीने कापल्यासारखी असेल, तर ॲपर्चर १६ आणि शटरचा वेग आयएसओच्या (फिल्म किंवा सेन्सर उजेडाला किती संवेदनशील आहे त्याच्या) आकड्याएवढा, म्हणजे आयएसओ १२५ असेल तर सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग. सावलीची कड मऊ झाली की ११, सावली जेमतेम जाणवली की ८, आणि पावसाळी आभाळात सावली पडेनाशी झाली की ५.६. झेनिट-ईच्या चकतीवर तीस, साठ, एकशे पंचवीस, अडीचशे आणि पाचशे एवढेच वेग होते, आणि त्याशिवाय बटण दाबलेले असेपर्यंत उघडे राहणारे शटर. एवढ्यावर त्या माणसाने आमचे सगळे बालपण टिपले. आजचा कॅमेरा ॲपर्चर आपल्याकडे सोपवून शटरचा वेग स्वतः ठरवू शकतो आणि जुन्या लेन्सवर तीच सोय सर्वांत सुखाची आहे. फक्त वेगावर नजर ठेवावी. ५८ मिलिमीटरला सेकंदाच्या साठाव्या भागाहून हळू गेलो की हात हलल्याचे फोटोत दिसते, आणि बारीक तपशील टिपणाऱ्या आजच्या सेन्सरवर मला एकशे पंचविसावा भाग अधिक सुरक्षित वाटतो.

हेलिओसची ख्याती मात्र वेगळ्याच कारणाने आहे. संध्याकाळी मासुंदा तलावाच्या कठड्यापाशी कुणाला उभे करून ॲपर्चर २ ला फोटो घ्या. मागचे झाडीतले कवडसे आणि गडकरी रंगायतनच्या बाजूचे दिवे चेहऱ्याभोवती भोवऱ्यासारखे फिरताना दिसतात. मधल्या भागातले दिवे गोल येतात. कडेकडे जाताना लेन्सच्या नळीची कड तिरप्या किरणांना अडवते, गोलाची लिंबाची फोड होते, आणि या फोडी केंद्राभोवती वर्तुळात मांडल्या जातात. प्रतिमेची पातळी थोडी वक्र असल्याने हा भास आणखी वाढतो. शास्त्राच्या दृष्टीने हा दोष आहे आणि नव्या लेन्समध्ये तो काढून टाकलेला असतो. मला तो आवडतो, पण प्रत्येक फोटोत नको. पार्श्वभूमी चेहऱ्याहून तीन-चार मीटर मागे आणि पानापानांची असेल तरच तो खुलतो. कोऱ्या भिंतीपुढे हीच लेन्स साधी, सौम्य लेन्स असते. सेन्सर दीडपट लहान असेल तर कडेचा भाग कापला जातो, चौकट ८७ मिलिमीटरच्या लेन्ससारखी होते आणि भोवरा बराचसा बाहेर राहतो, हेही आधी ठाऊक असावे.

आता आपल्या ठाण्यातला खरा शत्रू. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला येऊरचे डोंगर, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींना ओल. या हवेत बंद कपाटातल्या भिंगांवर बुरशी धरते. वडिलांची लेन्स कापडातून सोडवून मागून टॉर्च लावला, तेव्हा आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरलेले दिसले. ही बुरशी वेळेवर पुसली तर निघते, उशीर झाला तर तिच्या आम्लाने भिंगावरचा लेप आणि काचही कायमची खरवडली जाते. म्हणून फोर्टातल्या बोरा बाजारात किंवा कुणाच्या माळ्यावरून जुनी लेन्स घेताना टॉर्च जवळ ठेवावा, दोन्ही बाजूंनी तिरका उजेड टाकून पाहावे. बारीक धूळकण असले तर खुशाल घ्यावी, जाळी दिसली तर सोडून द्यावी. पात्यांवर तेलाचा ओघळ आहे का, कडे सगळीकडे सारखेच जड फिरते का, तेही पाहावे. टाकुमारच्या काही जुन्या लेन्स चहासारख्या पिवळट दिसतात. त्यांच्या काचेत थोरियम असते आणि काही दिवस उन्हात ठेवल्यावर तो पिवळेपणा बराच उतरतो, त्यामुळे तेवढ्यावरून त्या टाकाऊ समजू नयेत.

घरी लेन्स चामड्याच्या पिशवीत ठेवू नका, चामडे ओल धरून ठेवते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत ओल शोषणारे सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढे पुरते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहायला हवा. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडे करता येते, मात्र स्वयंपाकाच्या भांड्यात नव्हे, कारण निळ्या जेलमध्ये कोबाल्टचे विषारी क्षार असतात.

त्या बुरशीसाठी मी लेन्स एका दुरुस्तीच्या दुकानात दिली. भिंगे स्वच्छ होऊन आली आणि मी आनंदात उपवन तलावावर गेले. जवळचे सगळे छान येई, पण पलीकडच्या डोंगराची कड काही केल्या स्पष्ट होईना. कडे अनंताच्या खुणेला जाऊन थांबे आणि डोंगर धुक्यातच राही. मला अतिशय वाईट वाटले, वडिलांची वस्तू आपल्या हातून बिघडली असे वाटले. पुढे एका जाणत्या कारागिराने उलगडून दाखवले. फोकसची नळी ज्या आट्यांवर पुढेमागे सरकते, त्या आट्यांना अनेक तोंडे असतात. ती उघडताना खूण करून ठेवली नाही आणि पुन्हा बसवताना दुसऱ्याच तोंडातून सुरुवात झाली, तर नळी बाहेरच राहते आणि अनंतापर्यंत पोहोचतच नाही. त्याने माझ्यासमोर एकेका तोंडातून नळी बसवून, दरवेळी समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचा अँटेना कॅमेऱ्यात मोठा करून पाहिला. चौथ्या खेपेला अँटेनाच्या तारा वेगवेगळ्या मोजता आल्या. तेव्हापासून दुरुस्तीहून आलेली किंवा नव्याने घेतलेली कुठलीही जुनी लेन्स मी आधी ॲपर्चर पूर्ण उघडून दूरच्या डोंगराकडे किंवा चंद्राकडे रोखते, आणि कडे अनंताच्या खुणेवर टेकले की कड स्पष्ट येते ना, ते पाहते.

नमस्कार.