पुठ्ठ्यापासून साबणापर्यंत

नमस्कार श्रोतेहो.

घरात मूल असलं की दोन ढीग हमखास वाढत जातात. एक रिकाम्या खोक्यांचा, बाटल्यांचा, डब्यांचा. 'मुलांना काहीतरी करायला होईल' म्हणून राखून ठेवलेला. दुसरा न्हाणीघरातल्या फळीवरचा, शॅम्पू, लोशन, पावडरी यांचा. पर्यावरणाची काळजी करणारी मंडळी पहिल्या ढिगाकडे कौतुकानं बघतात आणि दुसऱ्याकडे संशयानं. मला वाटतं, दोन्ही ढिगांना सारखेच प्रश्न विचारावेत. ही वस्तू कशाची आहे? ती मुलाच्या तोंडाला किंवा कातडीला लागणार का? आणि काम झाल्यावर जाणार कुठे? हे न विचारता कामाला लागलो, तर टाकाऊतून टिकाऊ करता करता आपण टिकाऊ कचराच तयार करून बसतो.

पुठ्ठ्यापासून सुरुवात करू, कारण मुलांच्या हातात द्यायला त्याच्यासारखी दुसरी वस्तू नाही. जवळपास एखादं खोकं असेल तर त्याची कापलेली कड डोळ्यांसमोर धरा. दोन सपाट कागद आणि त्यांच्या मध्ये नागमोडी घडीचा तिसरा. या घड्यांच्या रेघा ज्या दिशेनं जातात, त्या दिशेला पुठ्ठा सहज दुमडतो. त्यांना आडवं दुमडायला गेलात तर तो आधी अडून बसतो, मग भलत्याच जागी मोडतो. मुलांना हे सांगू नका, करून बघू द्या. खांब उभा करायचा तर रेघा उभ्या हव्यात, हे त्यांचं त्यांना दहा मिनिटांत कळतं. घडी सरळ यावी म्हणून शाई संपलेलं बॉलपेन पट्टीला लावून जोर देऊन ओढायचं. पुठ्ठा फाटत नाही, नुसती खोलगट रेघ उमटते आणि तिथेच घडी बसते.

जोडायला गोंद लागतोच असंही नाही. एका तुकड्याला वरून आणि दुसऱ्याला खालून, निम्म्या उंचीपर्यंत खाच कापायची. रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीएवढी, रेसभरही जास्त नको. दोन्ही तुकडे एकमेकांत अडकवले की ते उभे राहतात. कापायचं काम अर्थात मोठ्यांचं. अशा खाचांवर गोट्यांची उंचच उंच घसरगुंडी उभी करता येते, आणि कंटाळा आला की ती सोडवून सगळा पुठ्ठा जसाच्या तसा रद्दीत देता येतो. चिकटवायचंच असेल तर पिठाची खळ करा. एक भाग पीठ आणि पाच भाग पाणी. पीठ आधी थंड पाण्यात कालवून गुठळ्या मोडायच्या आणि मग मंद आचेवर दाट, काहीशी पारदर्शक होईपर्यंत ढवळत राहायचं. झाकून थंड जागी ठेवली तर दोनतीन दिवस चालते. वास आला की फेकायची, तिच्यात दुसरं काही घालून तिला वाचवायला जायचं नाही.

गोंदाचा एवढा काथ्याकूट का? कागदाच्या गिरणीत रद्दी पाण्यात भिजवून तिचा लगदा करतात. खळ त्या पाण्यात विरघळते, पिठाचीच ती असते. गरम करून लावायचा प्लास्टिकचा गोंद विरघळत नाही. त्याचे कण चाळणीत अडकतात किंवा नव्या कागदात डाग होऊन बसतात. कागदाचा धागा दर फेरीत आखूड होत जातो, त्यामुळे साधारण पाच ते सात वेळाच त्याचा पुन्हा कागद होतो. तेवढ्या फेऱ्या त्याला मिळू द्याव्यात.

चमकीबद्दल मात्र मी जरा कडकच बोलेन. चमकी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा थर दिलेल्या प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचे बारीक तुकडे. ती लावलेलं भेटकार्ड रद्दीतून बाद होतं. हात धुतले की ती मोरीतून निघते, ती थेट नदीकडे. युरोपीय संघानं ऑक्टोबर २०२३ पासून कलाकुसरीच्या सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर बंदी घातली. तिच्याऐवजी वाळलेली पानं घ्या आणि कागदाला भोकं पाडायच्या पंचमधून त्यांच्या टिकल्या पाडा. लाल, पिवळ्या, तपकिरी टिकल्यांची वाटी भरते आणि पंच दाबायला मिळतो म्हणून मुलं कामाला तयारच असतात.

आता ज्या वस्तू मुलांच्या हातात द्यायच्याच नाहीत त्यांच्याकडे वळतो. दुकानात यंत्रातून निघणारी गुळगुळीत पावती पांढरी, हलकी, फुकट, चित्र काढायला छान वाटते. तिच्यावर नखानं ओरखडा काढून बघा. काळी रेघ उमटली तर तो उष्णतेनं छापायचा कागद. त्याच्या लेपात बहुतेक वेळा बिस्फेनॉल ए किंवा त्याच्या भाईबंदांपैकी एखादं रसायन असतं, आणि ते बोटांना लागतं. शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करणारं म्हणून बिस्फेनॉल ए ओळखलं जातं. युरोपात जानेवारी २०२० पासून अशा कागदात त्याचं प्रमाण ०.०२ टक्क्यांच्या खाली ठेवावं लागतं. ही पावती रद्दीतही घालू नये, नाहीतर तेच रसायन नव्या कागदात जातं.

जुन्या रंगवलेल्या लाकडाचंही असंच. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. शिशाची अमुक एक पातळी सुरक्षित, असं सांगताच येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. सगळ्यात वाईट म्हणजे असं लाकूड पॉलिश पेपरनं घासणं. धूळ थेट मुलाच्या श्वासात. मालवाहतुकीची लाकडी फळकुटं घ्यायची असतील तर त्यांवरचा शिक्का वाचा. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं लाकूड. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड हा विषारी वायू वापरलेलं. ते घरात आणू नका.

मऊ प्लास्टिकची जुनी खेळणी चिकट लागायला लागली असतील तर त्यांना मऊ ठेवणारी रसायनं बाहेर पडतायत, असं समजा. अशी खेळणी धाकट्या भावंडाला पुढे करू नयेत. प्लास्टिक वितळवून शोभेच्या वस्तू करण्याचा जो प्रकार चालतो, तो तर पूर्णच सोडा. कुठलं प्लास्टिक तापवल्यावर कुठला धूर सोडेल, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही.

आणि एक गोष्ट सावकाश सांगतो, कारण ती जिवावरची आहे. गाणं म्हणणारी भेटकार्डं, मोडकी खेळणी, छोटे रिमोट यांच्यात बटणासारखी चपटी बॅटरी असते. मुलानं ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांच्या आत आतून गंभीर भाजतं. मोडकी वस्तू मुलाच्या हातात देण्याआधी बॅटरी काढा आणि गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठा. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी एक सोपं मापही आहे. टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी घ्या. तिच्यातून जी वस्तू आरपार जाते, ती घशात अडकू शकते.

आता न्हाणीघर. हात पोहोचत असेल तर शॅम्पूची किंवा लोशनची एक बाटली घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. ज्या घटकाचं वजन सर्वांत जास्त त्याचं नाव आधी येतं. बहुतेक बाटल्यांवर ते पाण्याचंच असतं. एक टक्क्याहून कमी असलेले घटक मात्र कुठल्याही क्रमानं लिहिलेले चालतात. त्यामुळे वेष्टनावर पुढे ठळक अक्षरांत मिरवणारा वनस्पतीचा अर्क या यादीत तळाशी सापडला, तर तो नावापुरताच आहे असं समजायला हरकत नाही.

यादीत 'परफ्यूम' किंवा 'फ्रेग्रन्स' दिसेल. त्या एका नावाखाली कितीतरी सुगंधी द्रव्यं एकत्र असू शकतात. युरोपात २००३ च्या दुरुस्तीनं त्यांतली २६ अ‍ॅलर्जीकारक द्रव्यं वेगळी लिहिणं सक्तीचं केलं आणि २०२३ मध्ये ती यादी ८० च्या पुढे गेली. लहान मुलांसाठी माझी पसंती सरळ बिनवासाच्या वस्तूंना. बाळाच्या अंगाला फुलांचा वास यायला हवा, ही हौस आपली असते, बाळाची नव्हे.

आणखी एक नाव लांबलचक आहे, पण ओळखून ठेवा: मेथिलआयसोथायाझोलिनोन. वस्तू खराब होऊ नये म्हणून ते घालतात. ओल्या पुसण्यांमुळे (वेट वाइप्समुळे) आणि लोशनमुळे कातडीच्या अ‍ॅलर्जीचे इतके रुग्ण दिसू लागले, की अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्माटायटिस सोसायटीनं २०१३ सालचा सर्वांत दखलपात्र अ‍ॅलर्जीकारक पदार्थ म्हणून त्याची निवड केली. अंगावर राहणाऱ्या उत्पादनांतून युरोपानं २०१७ मध्ये ते बाद केलं. घरी असाल तेव्हा ओल्या पुसणीची गरज तरी किती? धुऊन वाळवता येणारं मऊ कापड आणि कोमट पाणी पुरतं.

मग सगळं घरीच करावं का? इथे माझं मत उत्साही मंडळींना आवडणार नाही. ज्या लोशनमध्ये पाणी आहे आणि टिकवणारा पदार्थ नाही, त्यात काही दिवसांत जंतू वाढतात, अगदी वास बदलण्याआधीच. घरचं सनस्क्रीन तर करूच नये. ते किती ऊन अडवतं हे घरात मोजता येत नाही. कातडी मुळात किंचित आम्लधर्मी, खाण्याचा सोडा अल्कधर्मी, त्यामुळे तो रोज चोळला की कातडी कोरडी पडून चिरते. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर फोड येऊ शकतात, कारण त्यातली काही द्रव्यं उन्हात कातडी जाळतात. निसर्गातून आलं म्हणून निर्धोक, असं काही नसतं.

घरी करण्यासारखं आहे ते साधं. अंग धुवायला वडीचा साबण: त्यात पाणी कमी, म्हणून टिकवणारी द्रव्यंही कमी लागतात, आणि वेष्टन कागदाचं मिळतं. टूथपेस्ट तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. बांबूचा ब्रश घेतला असेल तर त्याचे केस बहुधा नायलॉनचेच आहेत. दांडी खतात टाकण्याआधी ते चिमट्यानं उपटून काढा. साफसफाईत सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतल्यावर जो फेस उसळतो, तो बघायला गंमत आहे, पण दोघंही एकमेकांना निकामी करून टाकतात. वेगवेगळे वापरा. ब्लीच मात्र व्हिनेगरमध्ये किंवा अमोनियाच्या क्लीनरमध्ये कधीच मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतात.

नवं उत्पादन वापरायचं झालं तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं, दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहा. लाली किंवा खाज आली तर ते उत्पादन तुमच्यासाठी नाही. आणि आज हे सगळं ऐकून फळी एकदम रिकामी करायला जाऊ नका. नको असलेला शॅम्पू कंगवे आणि मोऱ्या घासायला चालतो. मुदत संपलेलं सनस्क्रीन तेवढं टाकून द्या. बाटली संपली की खंगाळून, झाकण काढून, प्लास्टिकच्या वेगळ्या डब्यात. नमस्कार.