टेकडीवरून दिसणारी गोदी

मंडळी, मुंबई सपाट आहे असं आपण धरूनच चालतो. पण डोंगरीच्या नावातच डोंगर आहे! रोज डोंगरीतून जाणाऱ्यांपैकी किती जणांना ते जाणवतं? हात वर करा. तीन... चार. त्या चारांसाठी आणि बाकीच्यांसाठीही मी आज माझगावच्या टेकडीबद्दल बोलणार आहे.

हार्बर लोकलने डॉकयार्ड रोडला उतरा. स्टेशनला लागूनच भंडारवाड्याची टेकडी आहे. तिच्यावर पालिकेचा पाण्याचा साठा आणि जोसेफ बाप्टिस्टा उद्यान. हे काका बाप्टिस्टा म्हणजे टिळकांच्या होमरूल लीगचे अध्यक्ष, इथल्याच माथारपाखाडीचे. माझगावचा किल्लाही इथलाच. १६९० साली सिद्दी याकूत खानाने तो पाडला. किल्ल्यावर मी तासभर बोलू शकतो, पण आज नको.

आज आजीचं सांगतो. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार. आजोबा गोदीत कामाला. आजी चाळीच्या गॅलरीत पापड वाळत घालत होती. चार वाजून गेले आणि धाडकन आवाज झाला, भांडी खाली आली. व्हिक्टोरिया डॉकमधलं 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटलं होतं. त्यात स्फोटकं होती, कापूस होता, सोनंही होतं. आजीने माझ्या वडिलांना कडेवर घेतलं आणि ती टेकडी चढली. का? तर वरून गोदी दिसते. खाली नुसता धूर आणि आकाशातून पडणारा पेटता कापूस. थोड्या वेळाने दुसरा स्फोट झाला, पण ती हलली नाही. आजोबा रात्री परतले ते अनवाणी, तोंडाला काजळी. "गोदी इतकी जवळ आहे हे मला त्या दिवशी कळलं," असं ती मरेपर्यंत सांगायची. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिलला आपण अग्निशमन सप्ताह सुरू करतो तो त्यांच्यासाठी. आज मध्ये इमारती उभ्या राहिल्या, तरी टेकडीवर गेलो की मी आधी गोदीकडेच बघतो.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. खरं म्हणजे मला बंदर आणि माणसं यांच्याबद्दल बोलायचं होतं, ते आता भराभर सांगतो. पश्चिमेकडून पावसाळी समुद्र थेट आदळतो. पूर्वेला मुंबईचं बेटच आडवं येतं, म्हणून पाणी शांत. त्यामुळे प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये आणि व्हिक्टोरिया १८८८ मध्ये, दोन्ही पूर्वेलाच झाले. गोदी आली तिथे काम आलं आणि कामामागे माणसं आली. माझगावात चालत फिरा: चिनी मंदिर, खोजांचे धर्मगुरू आगाखान यांची हसनाबादची कबर, ग्लोरिया चर्च आणि घोडपदेव. एका दुपारी सगळं होतं.

रविवारी सकाळी आठला मी डॉकयार्ड रोडच्या पुलाखाली उभा असेन. पाणी बरोबर आणा, चढ आहे.